जुन्या क्लासिक गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढून मॅन्युअल बसवता येतो का?

हो, येतो. तुमचं मॉडेल त्या काळी कंपनीकडून मॅन्युअलमध्येही मिळत असेल तर काम बरंच सोपं. शक्य असेल तर सुटे भाग शोधत बसू नका, त्याच मॉडेलची भंगारात निघालेली मॅन्युअल गाडी अख्खी घ्या. गिअरबॉक्स मिळतो हो; घोडं अडतं ते पेडल, क्लच लिंकेज (पेडलला क्लचशी जोडणारी यंत्रणा), क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सला खालून आधार देणारा आडवा भाग) असल्या गोष्टींपाशी.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उतरवला की आधी क्रँकशाफ्टचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, मागचं टोक बघा. नव्या गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (इंजिनाकडून ताकद घेणाऱ्या दांड्याचं) टोक तिथल्या पायलट बेअरिंग नावाच्या छोट्या बेअरिंगमध्ये बसतं, आणि ऑटोमॅटिकसाठी बनलेल्या काही इंजिनांत या बेअरिंगसाठीचं भोक पूर्ण मशिन केलेलंच नसतं. हे आधी न पाहता पुढचा खर्च करू नका. फ्लेक्सप्लेटच्या (ऑटोमॅटिकमध्ये क्रँकशाफ्टला लावलेल्या पातळ चकतीच्या) जागी येणारं फ्लायव्हील, म्हणजे क्लच ज्यावर बसतो ते जड चाक, तुमच्याच इंजिनाच्या बॅलन्सला जुळणारं हवं, नाहीतर थरथर कायमची मागे लागते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत प्रॉपेलर शाफ्टची (गिअरबॉक्सकडून मागे ताकद नेणाऱ्या दांड्याची) लांबीही पुन्हा मोजावी लागते.

ऑटोमॅटिक गाडी फक्त पार्क किंवा न्यूट्रलमध्येच स्टार्ट होऊ देणाऱ्या न्यूट्रल सेफ्टी स्विचच्या वायरी नुसत्या एकमेकींना जोडू नका. क्लच पेडलवर स्विच लावून त्या वायरी त्याला जोडा, म्हणजे गिअरमध्ये असताना क्लच न दाबता गाडी स्टार्ट होणार नाही.

मूळ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स विकू नका, बॉडी न कापता जमेल तेवढंच करा. पुढेमागे कुणाला गाडी मूळ रूपात आणायची झाली तर आणता येईल.