इंजिन बांधायचं की बदलायचं? ट्रकवाल्यांचे प्रश्न आणि उत्तरं

जुनं डिझेल इंजिन खोलून, झिजलेले भाग बदलून परत बांधायचं की दुसरं टाकायचं, यावर बरेच प्रश्न जमलेत, त्यातले सगळ्यांना उपयोगी पडतील असे घेतलेत. एक गोष्ट आधीच सांगतो, सगळ्यांनी गाडी किती लाख किलोमीटर चालली ते लिहिलंय पण कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते त्याचा, आकडा एकानेही नाही लिहिलेला. निर्णय त्या आकड्यावर होतो, किलोमीटरवर नाही.

प्रश्न: दादा, गाडी ८ लाख किमी चाललीय, ऑइल खाते, ब्रीदर पाइपमधून धूर येतो. मिस्त्री म्हणतो फुल इंजिनाचं काम काढ. काढू का?

लगेच नको. ब्रीदर म्हणजे इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणारा पाइप, त्यातून धूर म्हणजे बॅक कॉम्प्रेशन (दाबाची हवा खाली ऑइलकडे उतरणं) आहे हे खरं, पण ते पिस्टनच्या रिंगांमधूनच येतंय हे अजून ठरलेलं नाहीये. इंजिन चांगलं गरम होऊ दे, आयडलला ठेव, ऑइल भरायचं झाकण काढ आणि उलटं करून तोंडावर नुसतं ठेव. जरा थरथरलं तर काळजी नाही, फेकलं गेलं तर चेंबरमध्ये (इंजिनाच्या खालच्या, ऑइल असतं त्या भागात) प्रेशर साठतंय (काही इंजिनांत झाकणाच्या खालीच व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर असतात, तिथे ते तसंही नाचतं, म्हणून एवढ्यावरच इंजिन खोलायला घेऊ नये).

आता जे बहुतेक जण बघतच नाहीत ते. ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसर झिजला की त्याच्या रिंगांमधून हवा सरळ इंजिनाच्या चेंबरमध्ये उतरते, आणि टर्बोचं सील गेलं की तिकडूनही उतरते. हवेच्या टाक्या रिकाम्या कर, कॉम्प्रेसरची डिलिव्हरी लाइन मोकळी सोड आणि झाकण परत ठेवून बघ, शांत झालं तर दोष कॉम्प्रेसरचा आहे, इंजिन ठीक असू शकतं. टाकीचा ड्रेन सोडल्यावर ऑइल आलं तरी संशय तिकडेच. टर्बोचा होज काढून आत ऑइल साचलंय का आणि शाफ्ट हाताने किती हलतो तेही बघून घे.

हे सगळं ठीक निघालं तर मग कॉम्प्रेशन टेस्ट. बऱ्याच डिझेल इंजिनांत २५ ते ३० बारच्या आसपास आकडा येतो, पण तुझ्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला आकडा खरा मानायचा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सिलिंडर-सिलिंडरमधला फरक, १०-१५ टक्क्यांच्या वर गेला की त्या सिलिंडरमध्ये काहीतरी आहे. पेट्रोल इंजिनात सिलिंडरमध्ये थोडं ऑइल टाकून परत टेस्ट करतात, ते डिझेलला करू देऊ नकोस, वरची जागा इतकी कमी असते की आकडा उगाच वाढून दिसतो, आणि ऑइल जास्त पडलं तर पिस्टनचा रॉडसुद्धा वाकतो. त्यापेक्षा बाहेरून हवा भरून ती कुठून निघते ते कान लावून ऐका: सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरच्या बाजूने आली तर इनलेट, ऑइलच्या तोंडातून आली तर रिंग-लाइनर (लाइनर म्हणजे पिस्टन ज्यात चालतो ती नळी).

एकच सिलिंडर खाली असेल तर तेवढंच काम निघतं. सगळे सारखे खाली असतील तर काम काढावं लागणार, पण ऑइलचा नमुना लॅबला दे आणि त्यात सिलिकॉन किती ते विचार. सिलिकॉन जास्त म्हणजे बहुधा धूळ आत जातेय, बऱ्याचदा एअर फिल्टरच्या पुढचा एखादा होज चिरलेला असतो किंवा क्लॅम्प ढिला असतो. तो तसाच राहिला तर नवीन रिंगासुद्धा बघता बघता जातील.

प्रश्न: रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, पाणी कमी होतं, बाहेर कुठे गळती नाही. हेड (सिलिंडरांवरचा वरचा भाग) क्रॅक आहे असं सांगितलं. इंजिनच बदलावं का?

इथे पण आधी कॉम्प्रेसर! तो पाण्याने थंड होणारा असेल तर त्याचं हेड गॅस्केट गेल्यावर हुबेहूब असेच बुडबुडे येतात. तो बाजूला करून बुडबुडे थांबतात का बघा, मगच इंजिनाचं हेड उचला. ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी सिस्टीम) असेल तर त्याचा कूलरही तपासा, तो आतून फुटला की पाणी सायलेन्सरवाटे जातं आणि बाहेर काही दिसत नाही.

आणि वेट लाइनरचं (लाइनरला बाहेरून थेट पाणी लागतं असं) इंजिन असेल, वर्षानुवर्षं कूलंट न टाकता साधं पाणी चालवलं असेल, तर लाइनरला बाहेरून बारीक खड्डे पडतात. पिस्टनच्या धक्क्याने लाइनर थरथरतो, पाण्यात बुडबुडे होतात आणि लाइनरवरच फुटतात, असं करत शेवटी आरपार भोक. गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी सेल्फ न मारता चेंबरचा ऑइल सोडायचा नट हळूच ढिला करा. पाणी जड असल्याने खाली बसलेलं असतं, पहिले थेंब पाण्याचे आले तर गाडी चालू करायची नाही, कारण पिस्टनवर पाणी साचलेलं असेल तर रॉड वाकतो. यासाठी इंजिन बदलायची गरज नाही. लाइनर निघतात, नवीन बसतात, फक्त ब्लॉकमधली लाइनर टेकायची जागा खाल्ली गेली नसली पाहिजे आणि लाइनर ब्लॉकच्या पातळीच्या वर मॅन्युअलमध्ये लिहिलाय तेवढाच उभा राहिला पाहिजे. हे मोजल्याशिवाय हेड टाकू देऊ नका, नाहीतर गॅस्केट परत जाणार.

प्रश्न: नुसत्या रिंगा टाकून वर्षभर काढता येईल का?

लाइनर ओव्हल झालेला असेल किंवा वर काठ पडलेला असेल तर नाही, नवीन रिंग तिथे बसतच नाही. वेट लाइनर असेल तर पिस्टन-रिंग-लाइनर सेटच टाका, उघडण्याची मजुरी एकदाच लागते.

प्रश्न: चढावर ठकठक आवाज सुरू झाला आणि ऑइल प्रेशर गेलं. चेंबर खोललं तर एक बिगएंड मेटल (रॉड आणि क्रँकशाफ्टमधलं बेअरिंग) जागेवरून फिरलेलं निघालं. क्रँक ग्राइंड करून बांधू की दुसरं इंजिन टाकू?

मला वाटतं बदलण्याचा खरा प्रश्न तुमचाच आहे, कारण मेटल फिरल्यावर नुकसान एका जागी राहत नाही. क्रँकचं ते जर्नल (मेटल बसतं ती गोल जागा) निळं पडलंय का बघा, निळं म्हणजे तापून गेलंय, मग ग्राइंड करूनही भरवसा नाही. निळं नसेल तर क्रॅक टेस्ट करून ग्राइंड करून ०.२५ किंवा ०.५० मिमी अंडरसाइजला (तेवढं बारीक) नेता येतं, मग मेटल त्या मापाचं टाकायचं. तो कनेक्टिंग रॉड मात्र बदलाच. ब्लॉकमध्ये क्रँक ज्यावर फिरतो त्या मेन मेटलच्या बोगद्याची सरळ रेषा मोजून घ्या, ती गेली असेल तर लाइन बोअरिंग (मशीनवर ती सगळी भोकं परत एका रेषेत आणणं) लागेल, आणि ब्लॉकला तडा किंवा भोक असेल तर विषयच संपला, इंजिन बदला.

ऑइल कूलर नवीन टाका, इंजिन बांधलेलं असो वा बदललेलं. मेटलचा चुरा कूलरच्या बारीक नळ्यांत अडकतो, कितीही धुतला तरी पूर्ण निघत नाही, आणि नव्या मेटलवर तोच चुरा येऊन बसतो. चांगलं बांधलेलं इंजिन थोड्याच दिवसांत परत ठोकायला लागतं आणि बोलणी मिस्त्रीला बसतात, तेव्हा हा खर्च वाचवू नका. टर्बोच्या बेअरिंगलाही तेच ऑइल जातं, तोही उघडून बघा.

ब्लॉक आणि क्रँक दोन्ही चांगले असतील तर बांधणं बरं, दोन्हींपैकी एक गेला की हिशोब फिरतो. कारखान्यातून बांधून आलेलं वॉरंटीचं इंजिन महाग दिसतं, पण ते बसायला दिवस कमी लागतात, आणि गाडी उभी राहिल्याने बुडणारं भाडं खर्चात धरलं तर अंतर बरंच कमी होतं. जुनं इंजिन परत घेतात का, आणि ब्लॉक फुटलेला असेल तर किती कापतात, हे आधी विचारा.

प्रश्न: सेकंडहँड इंजिन स्वस्तात मिळतंय, काय बघू?

चालू करून दाखवत नसतील तर घेऊ नका. चालू करणार असतील तर थंड असताना करायला सांगा, आधीच गरम करून ठेवलं असेल तर का ते विचारा. वरची झाकणाची टेस्ट करा, ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्यांत चमकणारा चुरा आहे का बघा, गरम आयडलला प्रेशर साध्या मेकॅनिकल गेजवर घ्या. पंप, वायरिंग, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) तुमच्या गाडीशी जुळतं का हे पैसे देण्याआधी बघा, आणि इंजिन नंबर कागदांवर चढवावा लागेल तेही लक्षात ठेवा.

आणि इंजिन घेण्याआधी बाकीची गाडी बघा. चेसिसला तडे असतील, गिअरबॉक्स, मागच्या ॲक्सलचं हाउसिंग सगळंच काम मागत असेल तर चांगलं इंजिन टाकूनही ती गाडी महिन्यातून दोनदा उभीच राहील, तिथे इंजिनावर पैसे घालू नका.

प्रश्न: इंजिन बांधून झालंय, पहिले काही दिवस रिकामीच चालवू का?

नको! जास्त वेळ आयडलला ठेवली किंवा रिकामी फिरवली तर लाइनर चकचकीत होतो, रिंगा बसत नाहीत आणि ती कायमची ऑइल खाते. मध्यम लोड द्या, आरपीएम एकाच जागी धरून ठेवू नका, पहिलं ऑइल लवकर बदला आणि तो फिल्टर पण कापून बघा.