औषधाच्या गोळ्या सुरू आहेत म्हणून बंदूक जाते का?

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांच्या या चार प्रश्नांमागे भीती एकच आहे: मनाच्या आजारावर उपचार घेतले, तर बंदूक ठेवण्याचा हक्क जाईल.

प्रश्न: दोन वर्षांपासून नैराश्यावर गोळ्या घेतोय, समुपदेशन चालू आहे. बंदूक विकत घेता येईल का?

उत्तर: येईल. बंदुकांबद्दलच्या 1968 च्या फेडरल, म्हणजे देशभर लागू असलेल्या, कायद्यात मनाच्या आजाराशी निगडित अडसर दोनच आहेत. न्यायालयाने किंवा अधिकृत मंडळाने मानसिक आजारामुळे धोकादायक वा असमर्थ ठरवलेलं असणं, किंवा इच्छेविरुद्ध, कायदेशीर आदेशाने मनोरुग्णालयात दाखल केलेलं असणं. दुकानातल्या 4473 क्रमांकाच्या फॉर्मवर हेच विचारतात. निदान, गोळ्या, समुपदेशन यांबद्दल तिथे प्रश्नच नाही. मात्र जे विचारलंय त्याचं खोटं उत्तर देणं हा गंभीर गुन्हा आहे.

प्रश्न: मी स्वतःहून आठवडाभर रुग्णालयात दाखल झाले होते. ते मोजतात का?

उत्तर: फेडरल कायदा मोजत नाही, निव्वळ निरीक्षणासाठी ठेवलं असेल तरीही नाही. पण राज्यांचे कायदे जास्त कडक असू शकतात, आणि गफलत इथेच होते. इलिनॉयमध्ये गेल्या पाच वर्षांत मनोरुग्णालयात राहून उपचार घेतले असतील, तर स्वेच्छेने गेलेल्यालाही बंदूक बाळगायला लागणारं ओळखपत्र नाकारतात. कॅलिफोर्नियात धोका आहे म्हणून 72 तासांसाठी सक्तीने दाखल केलं, तर पाच वर्षं बंदी येते. तुमच्या राज्यातल्या वकिलाला विचारून घ्या.

प्रश्न: भावाला दहा वर्षांपूर्वी कोर्टाच्या आदेशाने दाखल केलं होतं. बंदी जन्मभराची का?

उत्तर: फेडरल बंदीला मुदत नाही. 2007 मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात गोळीबार करणाऱ्याला न्यायाधीशांनी आधीच धोकादायक ठरवलं होतं, पण ती नोंद बंदूक विकण्याआधी ग्राहकाची माहिती तपासणाऱ्या यंत्रणेपर्यंत पोचलीच नव्हती. त्यानंतरच्या कायद्याने नोंदी पाठवण्यावर भर दिला, तसाच हक्क परत मिळवण्याचा मार्गही आखून दिला. अनेक राज्यांत त्यासाठी अर्ज करता येतो.

प्रश्न: नवरा फार खचलाय. घरात पिस्तूल आहे. डॉक्टरकडे गेलो तर ते काढून घेतील, म्हणून जायलाच तयार नाही.

उत्तर: ताई, पहिलं उत्तर त्यांना वाचून दाखवा. डॉक्टरांची भेट घेतल्याने फेडरल कायद्यात त्यांचा हक्क जात नाही. पण मला काळजी त्या पिस्तुलाचीच जास्त वाटते. 2021 मध्ये अमेरिकेत बंदुकीने 48,830 जण गेले, त्यांतल्या 26,328 जणांनी स्वतःचाच जीव घेतला. जीव द्यावासा वाटण्याची टोकाची लाट पुष्कळदा थोड्या वेळात ओसरते. हाताशी बंदूक असली, तर तेवढी उसंतही मिळत नाही. त्यांना बरं वाटेपर्यंत ते पिस्तूल घराबाहेर असू द्या. काही ठिकाणी बंदुकीची दुकानं आणि पोलीस ठाणी तात्पुरतं ठेवून घेतात. नातेवाइकाकडे द्यायचं असेल तर आधी राज्याचा नियम बघा. कुठेच सोय होत नसेल, तर किमान पिस्तुलातल्या गोळ्या वेगळ्या काढून सगळं कुलपात ठेवा आणि किल्ली तुमच्याकडे असू द्या. 988 हा आत्महत्येचे विचार किंवा मानसिक संकट असेल तेव्हाचा मदतीचा फोन क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, तिथे तुम्ही स्वतःही फोन करू शकता. आज रात्रीच करा.