अनुभव वाढतोय, पण मी घडतेय का?

तरुण डॉक्टर माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांची काळजी साधारण अशी असते. पदवी झाली, इंटर्नशिप झाली, पुढची शाखा अजून ठरलेली नाही, म्हणून इमर्जन्सी विभागात वर्ष-दोन वर्षांची नोकरी धरली. बरोबरीचे पीजीला लागले. इथे रोज पेशंट बघून होतात, हात चालतो, पण आपण पुढे सरकतोय की नुसते राबतोय, हेच कळेनासं होतं. नोकरी देताना ‘आठवड्यात काही तास स्वतःच्या शिक्षणासाठी राखीव’ असं सांगितलेलं असतं. ते तास मिळत नाहीत, आणि मिळाले तर त्यांचं काय करायचं हे कुणी सांगत नाही.

या काळजीला मी सरसकट एक उत्तर देत नाही. त्यापेक्षा एका डॉक्टर मुलीची हकीकत सांगते. तिच्या परवानगीनं लिहिते आहे आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलले आहेत.

ती आली तेव्हा इमर्जन्सीत तिला आठ महिने झाले होते. बसल्या बसल्या म्हणाली, ‘मॅडम, मला काही झालेलं नाही. झोप जरा कमी आहे, चिडचिड होते, ते या कामात सगळ्यांचंच असतं. मी वर्ष वाया घालवतेय का, एवढंच मला कुणीतरी सांगा.’

‘मला काही झालेलं नाही’ हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडून मी नेहमी ऐकते, आणि तरीही आधी चौकशी करतेच. झोप किती, जेवण कधी, दारू किंवा झोपेच्या गोळ्या सुरू झाल्यात का, जगणं नकोसं वाटतं का. हे प्रश्न मी थेट विचारते. आडून विचारलं की डॉक्टर आडूनच उत्तर देतात. सलग दोन आठवडे मन उदास राहिलं, कशातच रस उरला नाही, मरणाचे विचार येऊ लागले, तर करिअरची चर्चा थांबवून आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला हवं. तिचं तसं नव्हतं. थकवा मात्र होता, आणि पेशंटविषयी एक कोरडेपणा यायला लागला होता. ‘बेड चारचं पोट’ असं ती बोलत होती आणि ते तिचं तिलाच खटकत होतं. खटकत होतं, हे मला चांगलं लक्षण वाटलं.

मग मी विचारलं, ‘गेल्या महिन्यात पाहिलेल्या पेशंटपैकी किती जणांचं पुढे काय झालं, हे तुम्हाला माहीत आहे?’

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘जो माझ्यासमोर गेला, त्याचं माहीत आहे. आणि एकाच्या मुलानं तक्रार केली होती, त्याचं.’

माझ्या मते तिच्या काळजीचं मूळ इथे होतं.

वॉर्डातल्या डॉक्टरला काल दिलेल्या औषधाचा परिणाम आज सकाळच्या राउंडला दिसतो. इमर्जन्सीत गोष्टीचा पहिला अंकच तेवढा वाट्याला येतो. पेशंट वर आयसीयूत जातो, ऑपरेशनला जातो, दुसऱ्या हॉस्पिटलला जातो किंवा घरी जातो, आणि त्याच्या जागी पुढचा येतो. निदान बरोबर होतं का? ‘गॅस आहे’ म्हणून घरी पाठवलेल्या माणसाला रात्री काय झालं? कुणी कळवत नाही. कळतात ती दोनच प्रकारची माणसं: डोळ्यांसमोर दगावलेली आणि तक्रार घेऊन परत आलेली. असे आठ महिने काढले, की मनात नुसत्या अपयशांची यादी साठते. तिथे बरोबर ठरलेल्या निर्णयांची नोंदच होत नाही.

तिनं एक उदाहरण सांगितलं. मध्यरात्री एक गृहस्थ छातीत दुखतंय म्हणून आले होते. इमर्जन्सीचा नियम असा, की छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी आल्यापासून दहा मिनिटांत काढून कुणीतरी जाणत्यानं पाहायचा. तिनं काढला, त्यात ठळक काही नव्हतं. पण दुखणं पाठीत जात होतं आणि एकदम, पूर्ण जोरानं सुरू झालं होतं. हार्ट अटॅक असेल तर रक्त पातळ करणारी औषधं द्यायची. महाधमनीचा, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचा, आतला पदर फाटला असेल तर तीच औषधं घातक ठरू शकतात. तिनं औषधं थांबवली, सीटी स्कॅन सुचवला आणि सीनियरला फोन केला. पेशंटला स्कॅनला नेलं आणि तेवढ्यात तिची शिफ्ट संपली. पुढचं तिला ठाऊक नाही. अशी वेळ तिनं एकटीनं निभावली होती, आणि माझ्यासमोर बसून म्हणत होती, की आठ महिन्यांत मी काही शिकले नाही.

हाताच्या कौशल्याचं तसं होत नाही. शीर सापडली की रक्त येतं. श्वासनलिकेत नळी बरोबर बसली की कॅप्नोग्राफवर, म्हणजे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्रावर, लाट उमटते. हाताला उत्तर तिथल्या तिथे मिळतं, म्हणून हात सुधारत जातो. निर्णयाचं उत्तर कित्येक तासांनी, कित्येक दिवसांनी, दुसऱ्याच मजल्यावर, दुसऱ्याच कुणाला तरी मिळतं. ते मागे जाऊन आणावं लागतं. आणलं नाही तर दहा वर्षांनीही अंदाज तेवढाच कच्चा राहतो, फक्त तो सांगताना आवाज ठाम होतो. पेशंटच्या दृष्टीनं हे जास्त धोक्याचं आहे, आणि म्हणूनच राखीव वेळ ही डॉक्टरांवर केलेली मेहेरबानी आहे असं मी कधीच मानत नाही.

तिला कागदावर आठवड्याला चार तास होते. पहिल्या महिन्यात तिनं ते एंट्रन्सच्या अभ्यासाला दिले. पुढे कुणी रजेवर गेलं, की रोस्टरमधली, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकातली, ती जागा तिच्या नावानं भरली जाऊ लागली. उरले ते तास ती नाईटनंतर झोपून काढायची आणि त्याबद्दल स्वतःला दोष द्यायची. झोपेवर मी तिला स्पष्टच सांगितलं. पहाटे तीन ते सहाच्या सुमारास शरीर आणि मेंदू सगळ्यात मंद असतात. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सलग १७ तास जागलेल्या माणसांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्यांच्या पातळीला उतरली होती. तेव्हा नाईटनंतरची झोप हा ड्युटीचाच भाग आहे, तिची सोय रोस्टरनं करायची. शिकण्याच्या तासांतून ती कापून घ्यायची नाही.

त्यानंतर आम्ही त्या चार तासांकडे वळलो. तिला आणखी एक कोर्स करायचा होता, प्रमाणपत्र मिळेल असा. तो मी जरा बाजूला ठेवायला सांगितला. निम्मा वेळ एकाच कामाला: शिफ्ट संपण्याआधी तीन पेशंट निवडायचे, ज्यांच्याबद्दल खात्री वाटत नव्हती. आपल्या मते काय आहे आणि किती टक्के खात्री आहे, एवढं लिहायचं. नाव-गाव काही नाही. आठवड्यानं त्यांचं पुढे काय झालं ते पाहायचं आणि आपल्या नोंदीशेजारी मांडायचं. टक्के आधीच लिहून ठेवायचे, कारण निकाल कळल्यावर प्रत्येकाला ‘मला तसं वाटलंच होतं’ असं वाटू लागतं.

यात एक अडचण आहे. पेशंट आपल्या देखरेखीतून गेला, की त्याची फाईल उत्सुकतेपोटी उघडणं बरोबर नाही. बऱ्याच ठिकाणी नियमातही बसत नाही. म्हणून हे लपून करायचं नाही. तिनं विभागातल्या सीनियर कन्सल्टंटकडे रीतसर परवानगी मागितली. त्यांनी विभागाच्या शिकवणीचा भाग म्हणून ती दिली आणि दर आठवड्याला अर्धा तास स्वतः तिच्याबरोबर बसायला लागले. आठ महिन्यांत कुणी ज्येष्ठ माणूस तिच्या निर्णयांवर तिच्याशी शांतपणे बोलला, तो पहिल्यांदा.

काही आठवड्यांनी ती वही घेऊन आली. तिला सगळ्यात जास्त भीती वाटायची ती लहान मुलांची. वहीत पाहिलं तर मुलांच्या बाबतीत तिचे अंदाज सगळ्यात नीट होते. भीतीपोटी ती पुन्हा पुन्हा तपासायची, सीनियरला विचारायची. ती घसरत होती ते म्हाताऱ्या माणसांच्या पोटदुखीत, आणि तिथे तिची खात्री ऐंशी-नव्वद टक्के असायची. उतारवयात पोटात गंभीर काही घडत असतानाही ताप चढत नाही, पांढऱ्या पेशी वाढत नाहीत, पोट हाताला मऊ लागतं. आतड्याचा रक्तपुरवठा तुटला तर वेदना भयंकर असते आणि तपासणीत मात्र फारसं काही सापडत नाही. पुस्तकात हे तिनं वाचलेलं होतं. पण आपल्याच हस्ताक्षरातल्या ‘बद्धकोष्ठता, ८५ टक्के’ या नोंदीशेजारी खरं निदान लिहावं लागलं, तेव्हा ते तिच्यात उतरलं. त्या पेशंटला तिच्या सीनियरनं थांबवून घेतल्यामुळे वेळेत ऑपरेशन मिळालं होतं. ती रडली. मी थांबवलं नाही. ते पेशंटसाठीचं रडणं होतं; काही महिन्यांपूर्वी ती ज्याला ‘बेड चार’ म्हणाली असती, त्याच्यासाठीचं.

छातीत दुखणाऱ्या त्या गृहस्थांचं काय झालं, हे मात्र तिला कधीच कळलं नाही. त्यांना दुसरीकडे हलवलं होतं.

उरलेल्या वेळात काय करावं, यावर मी फार आग्रही नसते. तिनं सीनियरच्या देखरेखीखाली अल्ट्रासाऊंड शिकायला घेतलं आणि एक छोटं ऑडिट, म्हणजे विभागाच्या कामाची मोजून केलेली तपासणी, केलं: हाड मोडून आलेल्या माणसाला वेदनाशामक मिळेपर्यंत किती वेळ जातो? उशीर डॉक्टरांमुळे होत असेल असं सगळ्यांना वाटत होतं. मोजल्यावर दिसलं, की ट्रायाजच्या, म्हणजे आलेल्या पेशंटपैकी आधी कुणाला पाहायचं ते ठरवणाऱ्या, सिस्टरना डॉक्टरच्या सहीशिवाय साधं पॅरासिटामॉलही देता येत नव्हतं. विभागानं लेखी नियम करून ती मुभा दिली आणि पुन्हा मोजलं. ऑडिट असं असावं, दोनदा मोजलेलं. सीव्हीत एक ओळ वाढावी म्हणून केलेली ऑडिटं मी खूप पाहिली आहेत, त्यातून पेशंटला काही मिळत नाही आणि डॉक्टरलाही.

रोस्टरचा प्रश्न सुटायला वेळ लागला. ‘मला वेळच मिळत नाही’ असं ती आधी सांगत आली होती, त्यावर ‘कुणालाच मिळत नाही’ हेच उत्तर येणार. आम्ही विनंती लिहून काढली: कोणता वार, कोणते तास, कुणाच्या देखरेखीखाली काय करणार, विभागाला त्यातून काय मिळणार, आणि फार गर्दी झाली तर ते तास त्याच महिन्यात कसे भरून मिळणार. ती मान्य झाली. एक सहकारी मात्र ‘अभ्यासाच्या नावाखाली सुट्टी’ म्हणत राहिला. तिनं त्याला आठवड्याच्या बैठकीला बोलावलं, तो आला नाही. त्याचेही तास असेच गिळले गेले होते, हे मी तिला सांगितलं. तिला ते पटलं, तरी बोचलंच.

आणि मागे पडण्याचं काय? घरी तिचे वडील तिच्या कामाला ‘सध्याची नोकरी’ म्हणायचे. त्यांनाही कळावं म्हणून सांगते, की या कामाला स्वतंत्र शाखेचा मान मिळून फार काळ झालेला नाही. पूर्वी इमर्जन्सीत कोणत्याही विभागाचा, बहुधा सगळ्यात नवखा डॉक्टर आळीपाळीनं उभा केला जायचा. १९६१ साली अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या अलेक्झांड्रिया इथे जेम्स मिल्स आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी पूर्ण वेळ हेच काम पत्करलं. १९७० मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात या शाखेचे तज्ज्ञ घडवणारा पहिला रेसिडेन्सी कार्यक्रम सुरू झाला आणि १९७९ मध्ये अमेरिकेत या शाखेला मान्यता मिळाली. अजून निदान न झालेल्या माणसाकडे कसं पाहायचं, हे इथे शिकायला मिळतं. पुढे भूल द्यायची असो, मेडिसिन करायचं असो की फॅमिली डॉक्टर व्हायचं असो, ते कामाला येतं.

पण हे सगळं जिथे शिकवणारं कुणी आहे तिथलं. रात्री विभागात एकटा नवखा डॉक्टर आणि सीनियर फक्त फोनवर, तोही उचलला तर, अशी जागा असेल तर मी टिकून राहा असं सांगत नाही. तिथे पेशंट आणि डॉक्टर दोघांनाही धोका आहे. नोकरी घेण्याआधी विचारा: रात्री दोन वाजता माझ्याशेजारी प्रत्यक्ष कोण उभं असेल? राखीव तास छापील रोस्टरमध्ये दिसतात का? मागच्या महिन्याचं रोस्टर दाखवाल का? आणि जमलं तर तुमच्याआधी ही नोकरी सोडून गेलेल्या डॉक्टरशी बोला.

तिनं वर्ष पूर्ण केलं आणि राखीव तास करारात लिहून घेऊन आणखी एक वर्ष घेतलं. त्यानंतर भूलशास्त्राकडे जायचं तिच्या मनात आहे. वडील अजून ‘सध्याची नोकरी’च म्हणतात.

हीच काळजी घेऊन माझ्याकडे येणार असाल, तर मागच्या तीन महिन्यांचं रोस्टर सोबत आणा. मिळालेले राखीव तास, कापले गेलेले राखीव तास आणि नाईटनंतरच्या सुट्ट्या, तीन वेगळ्या रंगांत खुणा करून. तिथूनच बोलायला सुरुवात करू.