विजयाचं औषध विकायचंय, पण लायसन्स कुणाचं?

प्रश्न: मला विजया (म्हणजे भांगेचं झाड) घातलेलं दुखण्यावरचं तेल आणि गोळ्या स्वतःच्या ब्रँडने विकायच्यात. उत्तरेतली एक कंपनी म्हणते, आमचं आयुर्वेदिक लायसन्स आहे, तुम्ही फक्त मार्केटिंग करा, बाकी काही लागत नाही. खरंय का हे?

उत्तर: अर्धं खरंय, आणि उरलेल्या अर्ध्यातच लोक अडकतात. आयुर्वेदिक औषध बनवायला फॉर्म २५-डी वरचं लायसन्स लागतं, ते प्रत्येक राज्य आपापलं देतं (महाराष्ट्रात एफडीए, म्हणजे अन्न व औषध प्रशासन), आणि तयार आयुर्वेदिक औषध नुसतं विकायला औषध कायद्याखाली वेगळं लायसन्स लागत नाही, तेवढं कंपनीचं बरोबर आहे. पण माल विजयाचा आहे हो!

१९८५ च्या एनडीपीएस कायद्यात, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात, टीएचसीची (नशा आणणाऱ्या घटकाची) टक्केवारी कुठेच नाही, तिथे झाडाचा भाग बघतात. नुसतं पान आणि बी गांजाच्या व्याख्येच्या बाहेर, पण फुलोऱ्याचा शेंडा आला की तो गांजा, आणि पान त्या शेंड्यासोबत असेल तर त्याचीही सूट गेली. गांजा २० किलोच्या वर गेला की कायद्याच्या भाषेत कमर्शियल क्वांटिटी, मग जामीन मिळणं फार अवघड. म्हणून "टीएचसी ०.३ टक्क्याच्या आत आहे" असं कुणी सांगितलं तर तेवढ्यावर जाऊ नका, कच्चा माल कुठल्या परवान्यावर, कुणाकडून आणि झाडाचा कुठला भाग घेतला ते बॅचनुसार कागदावर मागा, नाही म्हणाले तर तिथेच थांबा. आणि पान एनडीपीएसमधून सुटलं तरी राज्याच्या कायद्यातून सुटत नाही, महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही (म्हणजे याच पानांना) लागतो, तेव्हा माल मागवायच्या आधी राज्य उत्पादन शुल्क खात्याला लेखी विचारा, तोंडी उत्तराचा उद्या काही उपयोग नाही.

लेबल स्वतः हातात घेऊन वाचा. भांग औषध नियमांतल्या शेड्यूल ई-१ मध्ये, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, म्हणून पोटात घ्यायच्या औषधावर वैद्यकीय देखरेखीखाली घ्या ही सूचना इंग्लिश आणि हिंदीत छापलेली पाहिजे, त्यामुळे या गोळ्या चिठ्ठीशिवाय कुरिअरने पाठवायचा विचार सोडून द्या. कॅन्सर, डायबेटिस, फिट्स बऱ्या होतात अशी जाहिरात तर अजिबात नको, औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी असल्या जाहिरातीवर विश्वास ठेवून कुणीतरी आपली चालू ट्रीटमेंट बंद करतं, त्याची मला जास्त काळजी वाटते. सुरुवातीलाच एक वैद्य सोबत घ्या.