सॅन डिएगोची ज्युनिअर वर्ल्ड गोल्फ स्पर्धा एवढी मोठी कशी झाली? बेळगावात मुलांसाठी असं काही सुरू करता येईल का?

प्रश्न वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी खानापूर तालुक्यातला, पलटणीतून हवालदार म्हणून रिटायर झालो, आता बेळगावात गणेशपूरला असतो. गोल्फ मी स्वतः खेळलो नाही, खरं नोकरीतली बरीच वर्षं गोल्फच्या मैदानावर ड्युटी केली, गवत कापलं, पाणी मारलं, आणि माझा पोरगा ज्युनिअर स्पर्धेत खेळलाय. त्यामुळं या विषयावर कुणी काही विचारलं की मी थांबत नाही.

आधी तुमचं अमेरिकेतलं सॅन डिएगो. तिथल्या ज्युनिअर गोल्फ असोसिएशननं १९६८ साली ज्युनिअर वर्ल्ड सुरू केली. स्पॉन्सर बदलले तसं नाव बदलत गेलं, कधी कॅलवे लागलं, कधी आयएमजी, खरं स्पर्धा तीच, दर जुलैला, वयाप्रमाणं गट पाडून आणि प्रत्येक गटाला आसपासचं वेगळं मैदान देऊन. १९८४ चं एकच वर्ष घ्या. १३-१४ च्या गटात पहिला आला दक्षिण आफ्रिकेतून आलेला अर्नी एल्स, दुसरा आला फिल मिकलसन, तो सॅन डिएगोचाच, आणि ९-१० च्या गटात जिंकला टायगर वूड्स, जो तेव्हा आठच वर्षांचा होता, त्याच्या वयाचा गट नव्हता म्हणून मोठ्यांत खेळला. या तिघांनी पुढं मिळून २५ मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सगळ्यात मोठ्या मानाच्या स्पर्धा, जिंकल्या. टायगरनं ही ज्युनिअर वर्ल्ड एकंदर सहा वेळा मारली, त्यात १९८८ ते ९१ ओळीनं चार. मेक्सिकोची लोरेना ओचोआ ओळीनं पाच वेळा जिंकली. म्हणजे तिथं पोरं नुसती हौसेला येत नाहीत.

खरं ही नावं तुम्हाला कुठंही मिळतील. मला सांगायचं ते मैदानाचं. मोठ्या पोरांची मॅच जिथं होते ते टॉरी पाइन्स, समुद्राच्या कड्यावरचं, ती जागा दुसऱ्या महायुद्धात लष्कराची होती. कॅम्प कॅलन नावाचं ट्रेनिंग सेंटर होतं तिथं, विमानविरोधी तोफांचं. युद्ध संपल्यावर छावणी बंद झाली आणि १९५७ साली तिथं गोल्फ मैदान उघडलं, ते कुठल्या क्लबाचं नाही तर शहराचं, म्हणजे आपल्या भाषेत महापालिकेचं. त्या गावात राहणारा कुणीही शहरवासीयांच्या कमी दरात तिकीट काढून तिथं खेळू शकतो. आणि मैदान हलकंबिलकं नाही हां, २००८ आणि २०२१ ची यूएस ओपन, त्या मेजरांपैकीच एक, त्याच मैदानावर झाली. मिकलसनचे वडील नौदलात वैमानिक होते, टायगरचे वडील आर्मीत लेफ्टनंट कर्नल. टायगर लहानपणी ज्या कोर्सवर वाढला तो नेव्हीचा, वडील रिटायर फौजी म्हणून आत जायला मिळालं. फौजी गाव, फौजी लोकांची पोरं आणि गेट उघडं, माझ्या मते त्या स्पर्धेच्या मोठेपणाचं निम्मं उत्तर इथंच आहे. लोक म्हणतात अमेरिकेत पैसा आहे म्हणून झालं. पैसा आपल्या क्लबांकडं पण कमी नाही.

आता माझ्या पोराचं सांगतो.

मी तेव्हा उत्तरेतल्या एका छावणीत होतो. तिथं पाण्याची बोंब, त्यामुळं ग्रीन, म्हणजे होलभोवतीचे बारीक कापलेल्या गवताचे तुकडे, नव्हते, ब्राऊन होते. ब्राऊन म्हणजे वाळूत जळकं इंजिन ऑइल कालवून, दाबून गोल थापतात, मधी होल. पुट, म्हणजे बॉल जमिनीवरनं होलकडं घालायचा फटका, मारायच्या आधी बॉलपासून होलपर्यंत पट्टा ओढून वाळू सारखी करायची. ते पट्टे ओढायचं काम आमच्याकडं. पोरगं शाळेतून सुटलं की डबा घेऊन तिकडंच यायचं. एका मेजर साहेबांनी मोडलेली सेव्हन आयर्न, म्हणजे गोल्फची एक लोखंडी काठी, टाकून दिली होती, ती मी वर्कशॉपमध्ये त्याच्या मापाला कापून घेतली, ग्रिपच्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, वर काळा टेप. त्या एका काठीवर त्यानं लांबचं, जवळचं सगळं शिकलं. पुटर नंतर मिळाला. त्याचा स्विंग बघून साहेब लोक गाडी थांबवायचे, हे मी बाप म्हणून सांगत नाही, तिथं ड्युटीला असलेल्या कुणालाही विचारा.

पुढं त्या राज्यातल्या एका मोठ्या शहरात तिथल्या क्लबनं ज्युनिअर स्पर्धा ठेवली. शहराच्या नावानं, पेपरात जाहिरात, सगळ्यांसाठी खुली. फॉर्म आणायला गेलो तर म्हणाले हँडिकॅप, म्हणजे खेळाडू किती पाण्यात आहे ते सांगणारा आकडा, त्याचं सर्टिफिकेट पाहिजे आणि ते कुठल्यातरी क्लबच्या शिक्क्याचं पाहिजे. हवालदाराच्या पोराला कुठला क्लब? आमच्या सीओ साहेबांनी चिठ्ठी दिली, फोन केला, तेव्हा कुठं नाव लागलं. आदल्या दिवशी दुपारी पोचलो. मी म्हटलं ह्यानं गवताचं ग्रीन कधी बघितलेलं नाही, जरा प्रॅक्टिस ग्रीनवर दहा-वीस पुट मारू द्या. तिथला माणूस म्हणाला, हे मेंबरांच्या मुलांसाठी आहे, तुमचा टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ, उद्याचा, उद्या या. आणि आमच्या डोळ्यांसमोर त्याच स्पर्धेतली तीन-चार पोरं कोचला घेऊन तिथंच पुट मारत होती. मी युनिफॉर्ममध्ये नव्हतो, असतो तरी काय बोलणार.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच होलवर व्हायचं तेच झालं. ड्राइव्ह, म्हणजे पहिला लांबचा फटका, सरळ, दुसरा शॉट ग्रीनवर, बरोबरची पोरं अजून बंकरात, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात. आणि मग ह्यानं ब्राऊनच्या सवयीनं पुट मारला. ब्राऊनवर बॉलला दाबून मारावं लागतं आणि तो नाकासमोर जातो, उतार असा नसतोच. गवतावर तो होलच्या बाजूनं घसरत पार खालच्या कडेला गेला. तिथनं परत वर, परत खाली. चार पुट लागले. आई-बापांनी दोरीच्या बाहेरनं चालायचं, पोराला काही सांगायचं नाही, सांगितलं तर पोराला पेनल्टी. मी दोरी धरून गप्प उभा. अठरा होल तेच, ड्राइव्हमध्ये कमवायचं आणि पुटिंगमध्ये घालवायचं. संध्याकाळी बोर्डावर नाव खालनं शोधावं लागलं.

आम्ही एका धर्मशाळेत उतरलो होतो. व्हरांड्याला गुळगुळीत फरशी आणि पाणी जावं म्हणून मोरीच्या बाजूला उतार. जेवण झाल्यावर पोरानं स्टीलचा पेला भिंतीजवळ आडवा ठेवला आणि बॉल सोडून बघायला लागला. आधी नुसता हातानं सोडायचा, कुठं वळतोय ते बघायचा, मग पुटर घेतला. पेल्याच्या दिशेनं मारायचं नाही, वितभर वर मारायचं, उतारच बॉलला आणून देतो, हे त्याचं त्यानं शोधलं. मी एक शब्द बोललो नाही. पेल्याचा आवाज ऐकून शेजारच्या खोलीतले म्हातारे बाहेर आले, त्यांना वाटलं पोरगं भांडी पाडतंय, मग तेच खुर्ची टाकून बघत बसले. मॅनेजरनं लाइट घालवला तेव्हा झोपलो.

शेवटच्या दिवशी त्याच्या गटात त्याच्यापेक्षा कमी स्कोअर कुणाचा नव्हता, आणि गोल्फमध्ये कमी फटके लागले तो पुढं. पहिल्या दिवसाच्या खड्ड्यामुळं एकूण बेरजेत पाचवा आला, बक्षीस तिघांनाच होतं. मला आजपण वाटतं की प्रॅक्टिस ग्रीनवर अर्धा तास मिळाला असता तर पहिल्या तिघांत असता. त्या क्लबनं शहराचं नाव लावलं, खरं स्पर्धा शहराची नव्हतीच, मेंबरांची होती, बाकीची पोरं फॉर्मचे पैसे भरून गर्दी करायला.

आता गावाकडचं. माझा थोरला भाऊ, आम्ही दादा म्हणतो, तो आखाड्यातला. आम्हाला लहानपणी आनंदवाडीच्या कुस्त्या दाखवायला तोच न्यायचा, त्याच्याबद्दल मला आदरच आहे. खरं दर गणपतीला, आरती होऊन जेवायला बसलं की त्याचं एकच, पोराला तालमीत घातला असतास तर नाव काढला असता, तू त्याला साहेबांचे बॉल उचलायला शिकवलास. हे मी खूप वर्षं ऐकून घेतलंय, सणाला भांडण नको म्हणून. आज लिहितो. दादा, अली शेर दिल्लीच्या क्लबात कॅडीच होता, साहेबांच्या बॅगा उचलायचा, आणि १९९१ साली त्यानं इंडियन ओपन जिंकली. गोल्फर एस.एस.पी. चौरसियाचे वडील कोलकात्याच्या रॉयल क्लबात मैदान राखायचे, मी करायचो तेच काम, आणि पोरानं २०१६ आणि २०१७ लागोपाठ इंडियन ओपन मारली. हरियाणाच्या इसराना गावातला शुभम जगलान, बाप दूध घालणारा, त्यानं २०१५ साली याच सॅन डिएगोच्या ज्युनिअर वर्ल्डमध्ये आपला गट जिंकला. आपल्या बेळगावच्या गवळी गल्लीत दूध घालणारे काय कमी आहेत? मैदान राखणाऱ्याच्या घरात त्या मैदानाची माती, गवत, वारा सगळं माहीत असतं, त्या पोराला फक्त काठी आणि जागा मिळाली पाहिजे. आणि बॉल उचलण्यात कमीपणा कसला? तालमीत नवीन पोरगं आलं की आधी माती खणायला लावतात, ते तूच मला सांगितलेलंस.

माझा पोरगा आज बेंगळूरला एका ड्रायव्हिंग रेंजवर लहान मुलांना शिकवतो, घर चालवतो, दहावी पण पास झालाय व्यवस्थित. वाया कुठं गेला ते दादानं दाखवावं.

तुमच्या बेळगावच्या प्रश्नाचं सांगतो. बेळगावात गोल्फ मैदान आहे हे गावातल्या निम्म्या लोकांना २०२२ च्या ऑगस्टमध्ये बिबट्या शिरला तेव्हा कळलं. आसपासच्या शाळा बंद, त्याला शोधायला सक्रेबैलच्या हत्ती कॅम्पातले हत्ती आणलेले, टीव्हीवाले रोज गेटवर. तोपर्यंत बऱ्याच जणांसाठी ते नुसतं झाडीचं रान होतं. तेव्हा स्पर्धेच्या मागं लागायच्या आधी पोरं आत कशी जातील ते बघा. आठवड्यातल्या दोन सकाळी कुठल्याही शाळेच्या पोरांना, मराठी शाळा असो की कन्नड, वहीत नाव लिहून आत सोडतील का एवढंच विचारा. कापलेल्या जुन्या काठ्या पंधरा-वीस जमवा, साहेब लोकांच्या गॅरेजात पडून असतात, मागितल्या की देतात. फॉर्म दोन्ही भाषांत छापा, नाहीतर पहिल्याच वर्षी वाद घालायला माणसं हजर असतात आणि पोरं राहतात बाजूला. हँडिकॅप मागू नका. आणि प्रॅक्टिस ग्रीन सगळ्यांना, आदल्या दिवशी, सारखा वेळ. हा एक नियम नसेल तर स्पर्धेला बेळगावचं नाव लावू नका.

स्पर्धा जुलैत ठेवायचा विचार पण करू नका, सॅन डिएगोत तेव्हा कोरडं असतं, आपल्याकडं बॉल चिखलात रुतून बसेल. दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंत ठीक. फेब्रुवारीत दहावीवाली पोरं सुटणार नाहीत.

हां, एक सांगायचं राहिलं. खेळ स्वस्त नाही. जुन्या काठीवर सुरुवात होते, खरं पुढं ग्लोव्ह, बॉल, बूट, प्रवास, एंट्री फी हे सगळं येतं, आणि ज्युनिअर वर्ल्डपर्यंत जायचं तर क्वालिफाय होऊनही व्हिसा, विमान, तिथलं राहणं, हे हवालदाराच्या पगारात झालं नसतं. शुभमच्या मागं दिल्लीची एक गोल्फ संस्था उभी राहिली. गोल्फर अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली, एका शॉटनं पदक हुकलं, ती आपल्याच राज्यातली, खरं तिला बेंगळूरमध्ये मैदान हाताशी होतं आणि आई-बाप दोघं आलटून पालटून बॅग उचलायला तयार. तेव्हा तुमच्या मुलीला किंवा मुलाला घालायचं असेल तर पहिली दोन वर्षं मेडलचं नाव काढू नका, आणि अभ्यास सोडायला लावू नका, एवढं दादाचं बरोबर आहे.

माझा पोरगा म्हणतोय दिवाळीला आठ दिवस सुट्टी काढून येतो, आजूबाजूच्या पोरांना शिकवतो. गावाकडं आमचा माळाचा एक तुकडा पडून आहे, तिथं वाळू आणि जळकं ऑइल घालून एक ब्राऊन करायचा माझा विचार आहे, पट्टा ओढायला मी आहेच. उताऱ्यावर दोघा भावांची नावं आहेत, तेव्हा दादाला विचारावं लागणार. या गणपतीला विचारतो, आरती झाल्यावर, सगळ्यांच्या समोर.