पर्पल स्प्राउटिंग ब्रोकोली पुण्यात गच्चीवर येईल का?

झाड येईल, पण जांभळे तुरे बहुधा येणार नाहीत. ही मूळची थंड हवेची भाजी. इंग्लंडात एप्रिल-मेमध्ये पेरतात, अख्खा हिवाळा ती बाहेर काढते आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तुरे देते. जुन्या वाणांना कळी धरायला कित्येक आठवड्यांची सलग थंडी लागते. आपल्याकडे रात्री गारठा असला तरी दुपारी ऊन तापतंच, मग नुसती पानं वाढत राहतात. (पानांची भाजी छान होते, तो भाग वेगळा.)

थंडीची गरज नसलेले जांभळे वाण निघालेत, बी मिळालं तर बघा. नाहीतर सरळ साधी हिरवी कॅलाब्रीज (बाजारात मिळते ती गड्ड्याची ब्रोकोली) लावा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रोपं करा, महिन्याभराने बारा-चौदा इंची कुंडीत एकेक लावा, शेणखत सढळ घाला. मधला गड्डा कळ्या घट्ट असतानाच कापा आणि झाड उपटू नका! पानांच्या बेचक्यांतून फुटवे येतात, तुम्हाला हवे तसेच कोवळे तुरे. ते तोडत राहिलात तर आणखी येतात. पिवळी फुलं उमलू दिलीत की संपलं.

अळ्या मात्र येणारच. पानं रोज उलटून बघा, वेचून काढा, निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा.