दारूगोळा : वाचक विचारतात

या वेळी चार पत्रं घेतली आहेत. पहिल्यानं जागा जास्त खाल्ली, पण विषयच तसा आहे. नोकरीची सारी वर्षं मी प्रॉपेलंटच्या, म्हणजे गोळी पुढं ढकलणाऱ्या बंदुकीच्या दारूच्या, प्रयोगशाळेत काढली. निवृत्त होऊन साताऱ्यात आलो, तरी कुणी दारूचा विषय काढला की मला थांबवणं अवघड जातं, हे संपादकांनाही आता ठाऊक झालंय.

प्रश्न : आमचं घराणं गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्यांचं. भाचा अमेरिकेत ओहायोला असतो. लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीचा त्याला नाद आहे आणि काडतुसं तो घरीच भरतो. तिकडं त्याला मुभा आहे. आजवर तो ‘एच ४८३१’ नावाची दारू वापरायचा. ती दुकानात मिळेना, म्हणून दुकानदार ‘आयएमआर ४८३१’ घे म्हणतोय. आकडा एकच आहे, तर माप तेच ठेवावं का? आणि एवढ्या मोठ्या देशात दारूचा तुटवडा कसा?
एक मामा, विटा

उत्तर : मामा, मासिक खाली ठेवा आणि आधी भाच्याला फोन लावा. माप तेच ठेवायचं नाही. या दोन्ही दारूंचा आकडा एक असला तरी जळण्याचा वेग वेगळा आहे. दुसऱ्या महायुद्धात २० मिलिमीटरच्या तोफेसाठी केलेली दारू युद्धानंतर शिल्लक पडली. ब्रूस हॉजडन नावाच्या गृहस्थानं ती विकत घेऊन हौशी लोकांना विकली, तीच एच ४८३१. पुढं १९७० च्या दशकात ड्यूपाँट कंपनीनं त्याच आकड्याची आपली दारू आणली, तीच आयएमआर ४८३१. ती जास्त वेगानं जळते. म्हणजे मंद दारूच्या काठोकाठच्या मापानं ही भरली, तर नळीतला दाब नको तिथं जाऊन पोचतो. गंमत अशी, की २००३ मध्ये हॉजडननं आयएमआरचा धंदाच विकत घेतला. आज दोन्ही डबे एकाच घरचे आहेत, तरी आतला माल निराळा. ४८९५ आणि ४३५० या आकड्यांचीही हीच कथा.

याच्या उलटही आहे. हॉजडनची ‘एच ११०’ आणि विंचेस्टरची ‘२९६’ ही एकच दारू, फक्त लेबलं दोन. तेव्हा नावावरून काही ठरवायचं नाही. जो डबा हातात आहे, त्याच दारूचा कंपनीनं छापलेला तक्ता काढायचा, त्यातलं सुरुवातीचं माप घ्यायचं आणि तिथून थोडं थोडं वर जायचं. उडालेल्या काडतुसाच्या बुडाची पेटवणारी टोपी चपटी दिसू लागली किंवा रायफलचा मागचा बोल्ट उघडताना हिसका द्यावा लागला, तर तिथंच थांबून खाली यायचं. आणि ही खूण दिसेपर्यंत वर चढत राहायचं, असा याचा अर्थ नाही. तक्त्यातली वरची मर्यादा ही मर्यादाच.

तुम्ही गलाईवाले, वजनाचा काटा तुम्हाला मी काय सांगावा! तरी अंदाज यावा म्हणून सांगतो. हे लोक दारू ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे साधारण ०.०६५ ग्रॅम, म्हणजे तुमच्या एका गुंजेत जवळजवळ दोन ग्रेन बसतात. रायफलच्या काडतुसात अर्ध्या गुंजेची चूकसुद्धा चूकच.

आता तुटवड्याचं. हल्ली काडतुसात भरतात त्या बिनधुराच्या दारूचा पाया म्हणजे नायट्रोसेल्युलोज, आणि ते मुख्यतः कापसातून येतं. लांब धाग्याचा कापूस त्याला लागत नाही. जिनिंग झाल्यावर सरकीला जी आखूड लव चिकटून राहते, लिंटर म्हणतात ती, तिच्यावर हे सगळं चालतं. या लवेचा मोठा पुरवठा चीनकडून होतो. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं आणि तोफगोळ्यांची मागणी भडकली. १५५ मिलिमीटरचा एक गोळा फेकायला किलोंच्या हिशेबानं दारू लागते, भाच्याच्या काडतुसाला चिमूटभर. कारखान्यानं आधी कुणाचं बघायचं? २०२४ च्या सुरुवातीला अलायंटसारख्या जुन्या दारू कंपनीनंही डब्यातल्या दारूचा पुरवठा काही काळ थांबवला होता. त्याच घरच्या ‘बुल्सआय’ आणि ‘युनिक’ या पिस्तुलाच्या दारू अनुक्रमे १८९८ आणि १९०० पासून बाजारात आहेत, यावरून घर किती जुनं ते समजा.

शिवाय अमेरिकन लेबलाची सगळी दारू अमेरिकेत होते असंही नाही. हॉजडनच्या कित्येक रायफल दारू, त्यात ही एच ४८३१ पण आली, ऑस्ट्रेलियात मुलवाला इथं तयार होतात. गोल दाण्याची दारू फ्लोरिडातल्या सेंट मार्क्सहून येते. विताव्होरी नावाची दारू फिनलंडची. बोट अडकली की दुकानाची फळी रिकामी.

नवं काय, असंही भाच्याला कुतूहल असेल. दोन गोष्टी खऱ्या कामाच्या झाल्यात. एक, ऊन-थंडीनं वेग फारसा न बदलणारी दारू. जुन्या दारूचं थंडीत बसवलेलं माप उन्हाळ्यात वेग आणि दाब वर न्यायचं, आणि काडतूस तापलेल्या गाडीत ठेवलं तर विचारूच नका. दुसरी, गोळीचं तांबं नळीत साचतं ते कमी व्हावं म्हणून दारूतच घातलेला पदार्थ. युरोपात तर कायद्यानंच बदल करायला लावला. डायब्युटाइल थॅलेट आणि डायनायट्रोटोल्युईन ही दारूतली नेहमीची द्रव्यं २०१५ पासून तिकडं खास परवानगीशिवाय वापरता येत नाहीत, म्हणून कारखान्यांना जुनी मिश्रणं नव्यानं जुळवावी लागली. माझं मत विचाराल तर भाच्यानं टंचाईच्या काळात रोज नवा डबा शोधत फिरू नये. मिळेल ती एक दारू जरा जास्त घ्यावी, एकाच लॉटची, आणि तिच्यावरच हात बसवावा. आणि एक करा. त्याला दोन्ही डब्यांतले चार-चार दाणे पांढऱ्या कागदावर ठेवून भिंगातून बघायला सांगा. दोन्हीकडं शिसपेन्सिलीच्या शिशासारखे आखूड तुकडे दिसतील, मधून आरपार बारीक भोक. भोकामुळं दाणा आतूनही जळतो. वेग कशात आहे ते नजरेला कळत नाही, एवढंच त्याला पटलं तरी माझं काम झालं.

प्रश्न : आमच्याकडं पीक राखणीच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे. रानडुकरं भुईमूग ठेवत नाहीत. पाहुण्यानं बारा बोअरच्या काडतुसातली दारू काढून दिलीय. कमी लागते, धूर होत नाही म्हणतो. वापरू का?
शेतकरी, ता. पाटण

उत्तर : मुळीच नाही! पाहुणा कितीही जवळचा असो. ठासणीच्या बंदुकीत काळी दारूच चालते. काळ्या दारूचा दाब बेताचा असतो आणि बंदूक त्याच हिशेबानं घडवलेली असते. बिनधुराची दारू तशीच ठासली तर दाब कित्येक पट चढतो. मग नळी चाप-टोपीपाशी फाटते, म्हणजे तुमच्या तोंडापाशी. ‘थोडीशीच घातली’ हे कारण तिथं चालत नाही. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएलनं बिनधुराची दारू केली, तेव्हा तिच्यासाठी १८८६ ची लेबेल रायफल नव्यानं आणावी लागली. जुन्या बंदुकीत नवी दारू भरण्याचा शहाणपणा त्यांनीही केला नाही.

धूर आणि राड याला इलाज नाही. काळी दारू जळते तेव्हा वजनानं निम्म्याहून जास्त भाग घन राख होऊन मागं राहतो, आणि ती राख हवेतलं पाणी ओढून घेते. कोयनेच्या पावसात तर सकाळपर्यंत नळी तांबडी. बार टाकल्यावर त्याच दिवशी कढत पाणी ओता, गजाला चिंधी गुंडाळून नळी कोरडी करा, तेलाचा हात फिरवा.

आणि शेतीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. डुकरासाठी वनखात्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. गव्याकडं तर नळी वळवायचीच नाही.

प्रश्न : मी ५० मीटर रायफलचा सराव करते. गोळ्या परवडत नाहीत. .२२ च्या घरी भरता येतील का?
विद्यार्थिनी, मिरज

उत्तर : नाही. .२२ ची पेटवणारी दारू बुडाच्या काठात भरलेली असते, सुटी टोपी नसते. एकदा उडाली की ते कवच भंगारात. आणि शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणं परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा आपल्याकडं गुन्हा आहे. काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायचं यंत्रसुद्धा त्या कायद्यात ‘दारूगोळा’ याच्या व्याख्येत मोडतं. सरावातला बराच भाग गोळी न उडवता होतो. पवित्रा, श्वास, चाप. कोल्हापूरकर स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये याच ५० मीटरच्या तीन पवित्र्यांच्या प्रकारात कांस्य घेतलं, तेव्हा आपल्या भागात हे होत नाही असं कुणी म्हणू नये.

प्रश्न : वडील वारले. माळ्यावर ट्रंकेत त्यांची जुनी कागदी काडतुसं आणि दारूचा अर्धा डबा सापडला. झाकण उघडलं तर उग्र वास आला. विहिरीत टाकू का?
वाई

उत्तर : विहिरीत नको, चुलीत तर नकोच. चांगल्या बिनधुराच्या दारूला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा हलका वास असतो. नाकाला झोंबणारा आंबूस वास, लालसर भुकटी, डब्याला आतून गंज ही दारू सडल्याची लक्षणं. तिच्यात घातलेलं स्थिरकारक द्रव्य संपलं की ती आपोआप तापू शकते. विट्याच्या मामांनी भट्टीवर तेजाबाचा तपकिरी धूर पाहिला असेल, तोच वायू इथं सुटतो. डबा पुन्हा उघडू नका, हलवाहलव करू नका, माळ्यावर आग किंवा बिडी नेऊ नका.

पोलीस ठाण्याला फोन करून डब्याची अवस्था सांगा आणि त्यांची माणसं येईपर्यंत थांबा. पिशवीत घालून स्वतः एसटीनं नेऊ नका. वडिलांचा परवाना त्यांच्यासोबत संपला. त्यामुळं बंदूक असेल तर तीही कलम २१ खाली ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करावी लागेल. वारसाहक्कानं परवाना हवा असेल तर अर्ज नंतर करता येतो. जमा करताना काडतुसं मोजून आकड्यासह पावती घ्या.